सहा गावांचा एक कळप

ताराकाकी सभेत कधी खाली बसल्या नाहीत. समाजमंदिरात माणसं जमली की त्या दारात उभ्या राहायच्या, पदर खोचून, एक हात चौकटीवर आडवा टाकून. मधूनच कुणी उठलं तर "हो का नाय ते बोल, मग जा" हे ऐकल्याशिवाय त्याची सुटका नसे. वैशाखरे गावाच्या रस्त्यावर माझी भाताची गिरणी. मला वेळ कमी आणि सभांचा कंटाळा जास्त. पण पहिल्याच सभेत पळ काढताना त्या हाताशी अडकलो आणि वैतागून "हो" म्हणून बसलो.

नवरा गेल्यावर काकींनी शेती हातात घेतली आणि नांगरच बंद केला. एकदा घातलेले गादीवाफे तसेच ठेवले. राब भाजणं सोडलं, कारण पालापाचोळा आणि शेण जाळून रोपं करायची म्हणजे जमिनीच्या तोंडचा घास जाळायचा, असं त्यांचं म्हणणं. भात कापलं की धसकटं मुळासकट तिथंच कुजायची आणि राहिलेल्या ओलीवर वाल पेरला जायचा. लोक हसले, मीही हसलो. मग त्यांचं भात गिरणीत भरडायला येऊ लागलं आणि तो भरलेला दाणा बघून मी हसायचा थांबलो.

घोडं अडलं ते वालापाशी. भात घरात आलं की गुरं मोकाट सोडायची, ही आमच्याकडची जुनी रीत. सगळा मुलूख सुकलेला आणि काकींचं एकच शेत हिरवं. गुरं दुसरीकडे कशाला जातील? मी म्हणालो, "काकी, कुंपण घाला." त्या उसळल्या. "आन् शेजाऱ्यानं काय करायचं? जमीन माझी म्हनून काय झालं, गुरांना सातबारा वाचता येतो का रे?"

म्हणून त्यांनी गावं जोडायला घेतली. मुरबाडकडची चार गावं आणि शहापूरच्या हद्दीतले, डोळखांबच्या अंगाचे दोन पाडे. सगळ्यांच्या गुरांचा एकच कळप, आणि तो वळायला रोज एका घराची बारी. सभा त्याच्यासाठीच, आणि माझं ते "हो"ही त्यालाच. कळप आज या शेतात, उद्या त्या. धसकटं खायची, शेण टाकायचं, पुढे सरकायचं. मधला माळ गवताचं बी पडेपर्यंत बंद. कधी जीपने, कधी पायी काकी घरोघर फिरल्या. त्या दिसल्या की माणसं मागच्या दाराने परसात पळत. "जाळायला एक काडी पुरते," त्या म्हणत, "पिकवायला आख्खा मुलूख लागतो."

पहिल्याच हिवाळ्यात घोटाळा झाला. काकींनी दसऱ्याला बाऱ्या लावल्या त्या गावांच्या क्रमाने. आधी आमची गावं, मग पाडे. पाड्यांची बारी आली पौषात, आणि पौषात पाड्यांवर असतं कोण? धडधाकट माणसं दिवाळी होताच वीटभट्ट्यांवर जातात. दरवर्षी घरांना लागलेली कुलुपं काकी बघत होत्या, पण बाऱ्या लावताना त्यांनी घरं मोजली, माणसं मोजली नाहीत. एक म्हातारी कळप घेऊन निघाली. तिला तो आवरला नाही आणि गुरं दत्तूच्या शेंगांना आलेल्या वालात घुसली.

दत्तू आमच्या गावचा, तापट. कळपाच्या भरवशावर त्याने त्या साली पहिल्यांदाच वाल पेरला होता. त्याने पाड्यांची गुरं तेवढी वेगळी काढून आपल्या घरामागच्या कुंपणात कोंडली. दुसऱ्या दिवशी पाड्यावरचा बुधादादा भट्टीवरून माणसं घेऊन आला. दोन्हीकडे काठ्या, दोघातिघांकडे कोयते, आणि मध्ये फाटकाला पाठ लावून काकी.

"बाजूला हो, काकी," दत्तू म्हणाला. "यांनी बारी चुकवली. ठरलेलं मोडलं. आता आमची गुरं पन आमी मोकाट सोडनार."

"भट्टीवर काय हौसेनं जातो आमी?" बुधादादाचा आवाज चिरकला. "बारी लावताना आमाला कोनी इचारलं?"

मला खरोखर भीती वाटली. एक काठी उठली असती तर पुन्हा कुणी कुणाच्या बांधावर पाय ठेवला नसता. आत वासरं ओरडत होती. काकींनी दोघांकडे पाहिलं.

"बुधा बोलतो ते खरं हाय. बारी मी लावली, अक्कल मी गहान टाकली. पाड्यांची बारी भात कापल्या कापल्या पायजे, भट्टीवर जायच्या आधी." मग दत्तूकडे वळून म्हणाल्या, "तुझा वाल गेला ना? माझा घे. उभा घे. एक शेंग नाय तोडनार मी. खोल फाटक."

दत्तूने फाटक खोललं. लाजला वगैरे मुळीच नाही. पुढे काकींच्या शेतातली शेवटची शेंगसुद्धा तोडून नेली. मी संतापलो. काकी म्हणाल्या, "वाल पुढच्या साली येतो रे. मानूस फिरला तं फिरला." मला त्यांचा राग आला आणि अभिमानही वाटला.

गेल्या मार्गशीर्षात त्या गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं. त्या दिवशीची बारी नेमकी त्यांच्याच घरची. त्यांच्या मुलाच्या हातात मडकं, भावकीला सुतक, आणि निम्मं गाव म्हणजे त्यांची भावकीच. कळप फाटकाआड उपाशी हंबरत होता, आणि आता चहूकडे कोवळा वाल होता. "सोडून देऊ आजच्या दिस," कुणीतरी म्हणालं. कुणीच नाही म्हणेना. एकदा मोकाट सुटलेली गुरं परत एका कळपात येणार नाहीत, हे कळत असून मीही तिरडीचे बांबूच बांधत राहिलो. काकींचं सगळं आयुष्य त्या एका फाटकाशी येऊन अडलं होतं.

तेवढ्यात रस्त्यावर जीप थांबली. बुधादादा, त्याची बायको, दोघे भाऊ. भट्टीवरून तसेच निघालेले, कपड्यांवर विटांची लाल धूळ. तिरडीकडे न येता ते थेट कळपाकडे गेले. "तोंड बघायला पन नाय आली," बायका कुजबुजल्या. मीही चिडून मागे गेलो. "बुधादादा, आधी काकींच्या पाया तरी पड."

त्याने फाटकाची आडकाठी काढली. डोळे वाहत होते, पण हात थांबले नाहीत.

"राखेच्या पाया पडंन, शेठ. आज तिची बारी हाय. चुकली तं सरनावरनं उठून शिव्या देल ती."

तिरडी उचलली तेव्हा कळप ओढा ओलांडून धसकटात उतरत होता. मागे रेंगाळलेली एक गाय वालाकडे वळली. खांदा द्यायला पुढे झालेला दत्तू थबकला, मागे फिरला, आणि काठी घेऊन धावत तिच्या आडवा गेला.