पाव सेकंदाची सोबत

अजेयराव दाबक्यांना स्वतःचं नाव सांगणं हेच सगळ्यांत अवघड. 'अ'वरच जीभ अडून बसायची. म्हणून कोलकात्यातल्या डमडमच्या घरातून वीस वर्षं त्यांचा हौशी रेडिओ चालला तो नुसत्या मोर्सच्या टिकटिकीवर. नैरोबीच्या केयूर गोखल्यांशी अकरा वर्षांची मैत्री, पण आवाज एकमेकांचा ऐकलेला नाही.

यंदा केयूररावांनी कळवलं, "रविवारी माझी साठी. उपग्रहावरून दोन शब्द बोला, तीच भेट."

झालं! गच्चीवर पश्चिमेला तोंड करून अँटेनाची तबकडी बसली आणि अजेयरावांची भूक पळाली. "माझं त-त-प-प ऐकवून त्याचा व-वाढदिवस नासवू?"

"नासत नाही काही," त्यांच्या पत्नी देवयानीताई म्हणाल्या. पण धाकधूक त्यांनाही होतीच.

रविवारी सकाळी रेडिओ क्लबातले शंतनुदा मदतीला आले. गप्पांत त्यांचा हात धरणारं कुणी नाही, पण कानाला हेडफोन लावून माईकवर दोन वाक्यं बोलले नि त्यांचीच बोबडी वळली.

"हे काय, तुम्हालाही?" देवयानीताईंनी विचारलं.

"बौदी," शंतनुदा वहिनींना समजावू लागले, "आवाज छत्तीस हजार किलोमीटर वर जाऊन परत येतो. आपलंच बोलणं पाव सेकंद उशिरा कानात! भल्याभल्यांची जीभ अडखळते. दादा बोलायला लागले की हे बटण फिरवा, परतीचा आवाज बंद."

अजेयरावांनी हेडफोन चढवला. देवयानीताईंचा हात बटणावर.

"अ... अ..."

मग स्वतःचाच 'अ' मागून कानात आला असावा, कारण एकदम बांध फुटला. "अजेय बोलतोय, केयूरराव! कोलकात्याहून! साठीच्या खूप खूप शुभेच्छा!"

देवयानीताईंचा हात थबकला. गणपतीत मंडळात चाळीस जणांबरोबर आरती म्हणताना हा माणूस एकदाही अडखळत नाही, हे त्यांनी तीस वर्षं पाहिलं होतं. एकट्याने बोलायचं म्हटलं की अडायचं. आज त्याच्याच आवाजाने त्याला सोबत केली होती.

"बौदी, बटण!"

"खबरदार! हात लावाल तर चहा मिळायचा नाही."

पलीकडून आधी हसू आलं, मग शब्द. "अहो, हा आवाज अकरा वर्षं दडवून ठेवलात?"

पुढे काय विचारता! इलिश माशाचे काटे, मेट्रोतली गर्दी, बायकोचा हट्टीपणा, सगळं वर जाऊन खाली आलं. अर्ध्या तासाने नैरोबीहून काकुळतीचा आवाज आला, "अजेयराव, वाढदिवस माझा आहे हो! मलाही बोलू द्या की!"