उंबऱ्यावरचे बूट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. चौथी शिकलेली बाई मी, चारचौघांत तोंड उघडत नाही. तुम्हाला सांगते, कारण तुमचा चेहरा मला दिसत नाही.

आमचे हे फौजेतून सुभेदार होऊन आले आणि पुढे आमदार झाले. अधिवेशन भरलं की आमच्या अंगणात अर्जवाल्यांची रांग लागे. हे ताटावरून उठून जात. म्हणत, "दारातला माणूस तसाच परत नाही गेला पाहिजे वं. आपण त्याच्याचसाठी निवडून आलो." आपण! मी तर प्रचाराला घराची पायरी उतरले नव्हते.

फौजेतल्या गणपतची गोष्ट ते सारखी सांगत. बर्फात ह्यांचे पाय गोठले, तेव्हा त्यानं पाठीवर घेऊन खाली आणलं होतं. मी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं.

एका रविवारी हे घरी होते — किती दिवसांनी! संत्र्याच्या फोडींच्या शिरा काढून एकेक फोड माझ्या हातावर ठेवत होते. कडी वाजली. दारात पिकल्या मिशांचा उंच माणूस, हातात कागद. अर्जच असणार — दुसरं काय आणतात लोक?

"साहेब घरी नाहीत," मी म्हटलं.

इतकं सहज कसं आलं तोंडात? मला तो रविवार हवा होता, एवढंच.

त्यानं उंबऱ्याकडे पाहिलं. ह्यांचे फौजी बूट तिथेच होते, नाड्या आत खोचलेले. त्यानं कागदाची घडी घातली, तेव्हा कोपऱ्याची हळद दिसली. लग्नाची पत्रिका होती.

"काही हरकत नाही, वहिनी. गणपत येऊन गेला म्हणून सांगजा त्याले."

वाकून त्यानं तिरका पडलेला एक बूट सरळ केला, आणि गेला. फाटक वीस पावलांवर होतं. मी हाक मारली नाही.

"कोण होतं वं?" आतून ह्यांनी विचारलं.

"शेजारीण. विरजण मागाले आली होती."

ह्यांनी पुढची फोड माझ्या हातावर ठेवली. मी ती खाल्ली.

मग कितीतरी वर्षं ते म्हणत, "गणपतनं पोरीच्या लग्नालेही नाही बोलावलं. काहून रागावला असंल?" मी म्हणे, येतील कधीतरी.

शेवटी धंतोलीच्या दवाखान्यातही दार वाजलं की ते मान वळवत. मी त्यांच्या पायांवरून हात फिरवत बसे — गणपतनं वाचवलेल्या त्या पायांवरून — आणि तेव्हाही मी बोलले नाही.