आबांच्या दुकानातल्या घंट्या

आबा बोलताना तोंडावर उजवा पंजा धरायचे. मोबाइलवर बोलतानाही धरायचे. पलीकडच्याला काय दिसणार होतं देव जाणे. आबा तरस होते. तरसाचा जबडा कसा असतो ते तुम्हाला ठाऊक असेल. तो पाहून समोरच्या शेळीमेंढीचा जीव उगाच वरखाली होऊ नये, एवढ्यासाठी त्यांनी जन्मभर एक पंजा कामातून काढून ठेवला होता.

शाळेत आधार कार्डाचा कॅम्प लागला, तेव्हा फोटो काढणारं माकड त्यांना तीनदा म्हणालं, "बाबा, हात काढा, चेहरा दिसू द्या."

"पंजासकट मन्हं तोंड शे, साहेब," आबा पंजाआडून म्हणाले. "ज्यास्ले मी माहीत शे त्यास्ले ईचारा."

शेवटी माकड कंटाळलं. त्या कार्डावर आबा दात दुखत असल्यासारखे दिसतात.

आमचं गाव शहाद्याच्या पुढे, तापीच्या काठाला. केळी, ऊस, कापूस, सगळं आहे. वस्ती सगळी आमच्यासारख्या जनावरांची. वरच्या आळीत शेळ्या, मेंढ्या, ससे, बैल. नदीकडच्या गल्लीत लांडगे, कोल्हे आणि तरसाचं हे एकच घर. मी बोकड, पेशानं शाळामास्तर. आणि आबांचं दुकान मांसाचं. दचकू नका. आमच्या गावात जिवंताला कुणी दात लावत नाही, आणि तो नियम या एका दुकानाच्या जिवावर चालत आला होता.

पद्धत अशी. वरच्या आळीतल्या ज्या म्हाताऱ्याला वाटेल, त्यानं आपण होऊन दुकानात यायचं आणि गळ्यातली घंटी तिथल्या खुंटीला टांगायची. म्हणजे मी माझ्या मरणानं मेल्यावर माझं शरीर नदीकडच्या गल्लीला. मन बदललं तर येऊन घंटी काढून न्यायची, कुणी हूं की चूं करणार नाही. आबा कापायचे, मुलगा वाटे घालायचा, सून ओटा धुवायची. आबांच्या वडिलांचंही हेच काम होतं.

घंटी टांगायला कुणी आलं की आबा आधी त्याला बसवायचे. "बठ. पह्यले पानी पे." मग पंजाआडून हळूच विचारायचे, "मनथीन टांगी ऱ्हायना, का कोनी सांगं म्हनीसन?" उत्तर लगेच आलं की त्यांना पटायचं नाही. एका म्हाताऱ्या मेंढ्याला त्यांनी पाच वेळा परत पाठवलं. मेंढा चिडला, म्हणाला, "तुले गिऱ्हाईक नको का?" आबांना हसू आवरेना. तरसाचं हसणं म्हणजे सगळी गल्ली दारं लावून घेते, म्हणून ते मागच्या खोलीत जाऊन हसून आले.

लग्नकार्यात ते पंगतीला बसायचे नाहीत. एकदा माझ्याच आग्रहानं बसले, तर शेजारचे ससे वरणभात तसाच टाकून उठले. आबांनी ती पानं स्वतः उचलली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते मात्र म्हणाले, "मास्तर, त्यास्नं बी बरोबर शे."

माझ्या आईनं घंटी टांगली ती पाणी न पिताच. आमचं घर आळीच्या टोकाला, भिंतीपलीकडे लांडग्यांचं घर. त्यांची पोरं आईच्या अंगावर खेळून मोठी झाली. आई म्हणायची, "मातीमा जावापेक्षा शेजारना पोरेस्ना पोटमा जासू." मी कानावर हात ठेवायचो.

मागच्या उन्हाळ्यात तिला लकवा झाला आणि वाचा गेली. आबा दर रविवारी यायचे. खाटेपासून चार हात लांब बसायचे, पंजा तोंडावर. आई त्यांच्याकडे बघत राहायची आणि तिचा श्वास संथ व्हायचा. मला ते बघवायचं नाही. माझ्या डोक्यात एकच यायचं, की हाच तिला कापणार.

त्या दिवसांत दुकान बहुतेक बंद असायचं. वरच्या आळीतले तरणे सुरतला जातात, तिकडेच म्हातारे होतात, तिकडेच मरतात. खुंट्यांवर पाचच घंट्या उरल्या होत्या. लांडग्यांच्या घरात रोज नुसती मक्याची पातळ घाटी शिजत होती आणि पोरांच्या बरगड्या मोजता येत होत्या. हे सगळं मला दिसत होतं. दिसत असूनही मी एका दुपारी दुकानात गेलो.

"मायनी घंटी देई द्या," मी म्हणालो.

"ज्यानी टांगी त्यानीच काढाले पाहिजे, मास्तर."

"मायनीच सांगं."

आबांनी विचारलं, "बोलनी ती?"

"हो. बोलनी."

तीन महिन्यांत आईच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, आणि हे माझ्याइतकंच त्यांना माहीत होतं. मी वर्गात पोरांना खोटं बोलण्यासाठी कोपऱ्यात उभं करतो. आबांनी मला पाणीसुद्धा विचारलं नाही. ते खुंटीपाशी गेले. गाठ घट्ट बसली होती, एका हातानं सुटेना, म्हणून त्यांनी तोंडावरचा पंजा काढला आणि दोन्ही पंजांनी ती सोडवली. तेव्हा मी पहिल्यांदा त्यांचं तोंड पाहिलं. पुढचे दात पडून गेले होते आणि मागचे झिजून हिरड्यांना टेकले होते. ज्या जबड्याला मी लहानपणापासून भ्यालो, त्याला भाकरीसुद्धा कुस्करून लागत असणार.

"लई जा," ते म्हणाले.

घरी येऊन मी घंटी आईच्या गळ्यात बांधली. मान हलली तशी ती वाजली. आईनं आवाज ओळखला. माझ्याकडे एकदा बघितलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर ती पंधरा-वीस दिवस जगली, पण माझ्या हातचा चारा तिनं घेतला नाही. बायकोनं दिला तरच खायची. मी तिला केळीच्या शेतात पुरलं. भिंतीपलीकडचे लांडगे झाडून सगळे आले, माना खाली घालून बसले आणि गेले. एकानंही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

पुढे जे झालं ते मी केलं. उरलेल्या चारही घंटीवाल्यांचे मुलगे एकेक करून दुकानात गेले. "मास्तरना मायनी दिधी ना? मंग आम्हनी बी द्या." आबांनी चारही सोडून दिल्या. खुंट्या रिकाम्या झाल्या. तरणे लांडगे संध्याकाळी नदीपलीकडच्या गावांकडे तोंड करून बसू लागले, आणि वरच्या आळीत लोक दिवस असतानाच कड्या लावू लागले.

आबा श्रावणात गेले. म्हातारपणानं गेले असं डॉक्टर म्हणाले, मीही तसंच म्हणतो. सकाळी नदीकडच्या गल्लीत गर्दी दिसली म्हणून मी धावत गेलो. आबांना ओट्यावर ठेवलं होतं. मुलगा सुरी घेऊन उभा होता.

"बानी सांगेल शे," तो म्हणाला. "पोरेस्ले उपाशी ठेवानं नई, असं सांगेल शे."

आजवर नदीकडच्या गल्लीतलं कुणी त्या ओट्यावर आलं नव्हतं. लांडगिणी भांडी घेऊन उभ्या होत्या, पण एकही पुढे सरकेना. आमच्याकडे अशा वेळी मेलेल्याच्या घरचं कुणीतरी दारात उभं राहतं आणि प्रत्येक भांड्याला म्हणतं, "सुखमा खा." त्याशिवाय कुणी वाटा उचलत नाही. आबांच्या घरात मुलगा आणि सून, दोघंच. मुलगा सुरीपाशी होता. सून उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथंच खाली बसली.

भिंतीपलीकडची लांडगीण मला म्हणाली, "मास्तर, पोरे तीन दिनपाईन उपाशी शेतस." ती ओरडली नाही, नुसतं सांगितलं.

मी दारात जाऊन उभा राहिलो. मग म्हणालो, "सुखमा खा." ती भांडं पुढे करून आत गेली. मग दुसरी आली, मग कोल्हीण आली. प्रत्येकीला मी तेच म्हणत राहिलो. बारा वाजले तरी रांग संपली नव्हती. आबांचा तू कोण, असं मला त्या रांगेतल्या एकीनंही विचारलं नाही.