मग तुझं काय?

कोणी दुसऱ्याचं बोलणं सांगू लागलं, की वत्सलाबाई हातातला खडू खाली ठेवत आणि विचारत, "कोण म्हणालं? काहून म्हणालं? मग तुझं काय?" मुख्याध्यापकांनाही त्या असंच विचारत. त्यामुळे मुख्याध्यापक त्यांच्याशी कमीच बोलत.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. कळंबजवळच्या आमच्या तांड्यावरून सातवीत जाणारी मी एकटीच मुलगी. घरी आम्ही गोरबोली, बंजाऱ्यांची भाषा, बोलायचो. माझं मराठी चुकायचं आणि मुलं हसायची. कवितेच्या पाठ केलेल्या ओळी मात्र चुकत नसत. म्हणून कवितेवर निबंध आला, की मी ओळींमागून ओळी लिहून पान भरायची.

बाईंनी वही पाहिली. "हे सगळे पाहुणे. त्यांना दारात उभं करून घरवाली कुठं पळाली?" वर्ग हसला. मग मला जवळ बसवून म्हणाल्या, "पाहुणा एकच बोलाव. कोण आहे, काहून बोलावला, ते आधी सांग. त्याला बोलू दे. मग तू बोल. मराठी चुकलं तर मी आहे ना."

कविता पाणी भरणाऱ्या बायकांवर होती. कवीला त्या बायका आनंदी दिसतात, असं मी लिहिलं आणि त्याची एकच ओळ घेतली, घागर फुलासारखी हलकी आहे म्हणणारी. त्याखाली लिहिलं, ती घागर कवीच्या डोक्यावर नव्हती. बाई इतक्या हसल्या, की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "आली बाई घरवाली घरात," म्हणाल्या.

परीक्षा तोंडावर आली आणि माझ्या बानं शाळा बंद केली. बाई उन्हातून तांड्यावर आल्या. बाजेवर बसून त्यांनी बाला माझा निबंध वाचून दाखवला. घागरीचं ऐकून माझी आई आत हसली. बा हसला नाही.

"नायक म्हनते, पोरीले आता पुरे झालं."

"काहून म्हणतात?"

"शिकली का हातची जाते म्हनते."

"हे नायकांचं झालं. तुमचं काय, भाऊ?"

नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख, त्याच्या शब्दाबाहेर बा कधी गेला नव्हता. तरी तो म्हणाला, "परीक्षा देऊ द्या. त्याच्या पुढचं मले विचारू नका."

मी पास झाले. पुढं शिकले नाही, लग्न झालं. बाईंनी पुन्हा येऊन समजावलं, पण बा हलला नाही. त्यात गोड करून सांगण्यासारखं काही नाही.

नंतर बाईंची बदली मुकुटबनला झाली. तेव्हा मी माहेरी आले होते. बाईंची ट्रंक बानं आपल्या बैलगाडीतून मोटारस्टँडवर नेली. मोटारीची वाट पाहत आम्ही उभे होतो. बा म्हणाला, "सारे म्हनून राह्यले, सरकारचा हुकूम हाय, बाईले जाच लागते."

बाई सवयीनं म्हणाल्या, "मग तुमचं काय?"

"माह्यं? जाऊ नका."

मोटार आली. ट्रंक बानंच टपावर चढवली.