सिस्टर रेयेस यांच्या मुलीला पुणे दाखवताना

हडपसर ते बुधवार पेठ, तिथून कात्रज आणि परत हडपसर. एवढ्याशा प्रवासावर ब्लॉग लिहीन असं मला वाटलं नव्हतं. या वाटेने मी आयुष्यभर बसने गेले आहे. पण त्या शनिवारी माझ्यासोबत लिझा होती.

तिचा मेसेज फिलिपिन्समधून आला होता. "मी सिस्टर रेयेस यांची मुलगी. आई गेल्या वर्षी गेली. कंपनीच्या कामासाठी हडपसरला येते आहे. आई मरेपर्यंत पुण्याबद्दल बोलायची, मला ते बघायचं आहे." मी लगेच हो कळवलं. त्यावर तिचा दुसरा मेसेज आला, "आई तुझ्याबरोबर होती तेव्हा मला पहिली मुलगी झाली. मी एकटी होते."

मी तिला फक्त शनिवारची वेळ कळवली.

थोडं मागचं सांगते. विशी नुकतीच ओलांडली होती तेव्हा मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची मिशनरी म्हणून मी दीड वर्ष मलेशियात, इपोह नावाच्या गावी राहिले. आमचं घर बौद्ध. वडील कारखान्यात कामाला. ते म्हणाले होते, "माझ्या बापानं छप्पन्न साली धर्म बदलला, पण आधी वर्षानुवर्षं ऐकलं, विचार केला. तू काय केलंस?" मी बारावी झालेली पोर, काय सांगणार! वाचायची सवय लागली ती पुढे, रद्दीतल्या पुस्तकांवर.

मिशनरी कधी एकटे नसतात, कायम जोडीने राहतात. माझ्या जोडीला सिस्टर रेयेस होत्या (मिशनरी बायकांना सिस्टर म्हणतात). पन्नाशीच्या पुढच्या, नवरा नुकताच गेलेला. पहिल्याच आठवड्यात मी रडून परत जायला निघाले, तेव्हा त्या म्हणाल्या, "जा. पण आधी मला तुझं गाव दाखव. रोज एक रस्ता." मग संध्याकाळी चालताना मी त्यांना रोज एक रस्ता सांगू लागले. लक्ष्मी रोड, मंडई, बुधवारातली रेडिओची दुकानं, कात्रजचं तळं. सगळं पुणे सांगून होईस्तोवर माझं परत जाणं राहूनच गेलं.

शुक्रवारी जोडीने समोरासमोर बसायचं, हा तिथला रिवाज. एकमेकींची एक चांगली गोष्ट सांगायची, एक खुपलेली. तिथे बोललेलं तिथेच ठेवायचं. हा रिवाज मी संसारातही आणला. माझे यजमान सुधीर मॉर्मन नव्हते, पण शुक्रवारी खुर्ची ओढून बसायचे आणि म्हणायचे, "आरोपी हजर आहे." त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. आम्हाला मूल नाही. तेव्हापासून मला सिस्टर रेयेसना एकच विचारायचं होतं, की नवऱ्यामागे तुम्ही दिवस काढलेत कसे? आता ते फक्त लिझाच सांगू शकत होती. आणि लिझा तर माझ्यावर रागावून येत होती.

शनिवारी सकाळी तिला हॉटेलवरून घेतलं. उंच, केस बारीक कापलेली, माझ्याच वयाची. सिस्टर रेयेस बुटक्या होत्या, त्यामुळे ओळख पटायला वेळ लागला. आम्ही हडपसरहून महापालिकेची बस धरली. पेठांत गाडी घेऊन जाऊ नका, पार्किंग शोधण्यातच दिवस जातो. बसने जा, पुढे चाला. लिझा खिडकीतून नवे मॉल आणि काचेच्या इमारती बघत होती.

"आई म्हणायची इथे उसाची शेतं आहेत."

"तेव्हा होती."

"म्हणजे मी उशिरा आले."



नाश्त्याला बुधवारातल्या एका जुन्या हॉटेलात मिसळ खाल्ली. दोघींचं अडीचशेच्या आत भागलं. तिखट मध्यम सांगा, तरी पाणी जवळ ठेवाच. नंतर वेटरने विचारलं, "चहा?"

"मी चहा पीत नाही."

"कॉफी?"

"तीही नाही."

"मग पुण्यात करता काय?" एवढं बोलून तो वळला. आमच्या पंथात दोन्ही वर्ज्य आहेत हे त्याला कुठे समजावणार! लिझाने मात्र स्वतःसाठी कॉफी मागवली आणि माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "मी चर्च सोडलं. मुलगी झाली त्याच वर्षी."

दगडूशेठ गणपतीला गर्दी होती. रस्त्यावरूनही मूर्ती नीट दिसते, घाईत असाल तर रांगेत उभं राहू नका. लिझा हात बांधून बराच वेळ बघत राहिली. मग आम्ही अप्पा बळवंत चौकात गेलो. इथली दुकानं ही माझी शाळा. जुनी पुस्तकं अर्ध्या किमतीत मिळतात, घासाघीस थोडी करा, फार केलीत तर दुकानदार पुस्तकच काढून घेतो. ऊन वाढलं होतं. लिझाने ढिगातलं एक पातळ पुस्तक उचललं आणि वारा घ्यायला लागली.

दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. "बाई, पाहुण्यांना सांगा, पंख्याचं दुकान पलीकडच्या गल्लीत आहे."

मी तिला इंग्रजीत सांगितलं. आणि लिझा हसली. मान मागे टाकून, तोंड भरून, मध्येच श्वास अडकल्यासारखी. दुकानदारही हसला. मी मात्र जागीच थांबले. इपोहमधल्या एका शुक्रवारचं सिस्टर रेयेस यांचं वाक्य मला लख्ख आठवलं. त्या दिवशी त्या माझ्याबद्दल काही बोलल्याच नव्हत्या.

पुढचे दोन तास ते वाक्य माझ्याबरोबर होतं. स्वारगेटला बस बदलताना, कात्रजच्या बसमध्ये उभ्याने जाताना, प्राणिसंग्रहालयाचं तिकीट काढतानाही. (बुधवारी बंद असतं, बाहेरगावचे लोक हमखास फसतात. आत चालणं बरंच आहे, पाय दुखत असतील तर बॅटरीची गाडी मिळते.) शुक्रवारचं बोलणं बाहेर काढायचं नाही, हे मला सिस्टर रेयेसनीच शिकवलं होतं. मी ते इतकी वर्षं पाळलं, सुधीरनाही सांगितलं नाही.

सर्पोद्यान बघून आम्ही तळ्याकाठी बाकावर बसलो. लिझाच म्हणाली, "सगळं छान आहे. पण यासाठी आई मला सोडून राहिली?"

मग मी ठरवलं.

"पुण्यासाठी नाही," मी म्हटलं. "तुझी आई मला एकदा म्हणाली होती, लिझा हसली की माझा नवराच हसतो. मला त्या घरात ते ऐकवत नाही, म्हणून मी आले."

तिने पर्स उचलून मांडीवर घेतली. मला वाटलं, आता ही उठून जाणार.

"आईने मला का नाही सांगितलं?"

"तू हसायची थांबली असतीस."

"मी तशीही थांबले होते," ती म्हणाली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तिने तो राहू दिला.

थोड्या वेळाने मी माझा प्रश्न विचारला. सिस्टर रेयेस परत गेल्यावर कशा राहिल्या? लिझा म्हणाली, "एकटी कुठे राहिली? दर शुक्रवारी आमच्याकडे यायची. मला समोर बसवायची. म्हणायची, एक चांगलं सांग, एक खुपलेलं सांग. मी चांगलं सांगायचे आणि उठायचे. खुपलेलं कधीच सांगितलं नाही. तरी ती पुढच्या शुक्रवारी यायची."

"वाट बघत होत्या त्या."

"मला आत्ता कळतंय."

कात्रजहून हडपसरला रिक्षा केली. महाग पडते, पण शनिवारी संध्याकाळी त्या रस्त्यावर बसमध्ये उभं राहायची आमच्यात ताकद नव्हती. वाटेत मस्तानी प्यायलो. वरचं आईस्क्रीम दुधात ढवळून प्यायची की चमच्याने खायची, यावर रिक्षावाल्याशी लिझाचा हातवाऱ्यांनी वाद झाला. तो म्हणाला, "ओ मॅडम, ढवळू नका, तिचा अपमान होतो." मी सांगितल्यावर ती परत तशीच हसली. हॉटेलच्या दारात तिने मला मिठी मारली.

घरी येऊन कुलूप काढलं, दिवा लावला. मी बरोबर केलं का, हे अजून ठरत नाही. दिलेला शब्द मी मोडला. सिस्टर रेयेस असत्या तर पुढच्या शुक्रवारी त्यांनी मला सुनावलं असतं, आणि ते मला चाललं असतं. त्यांच्याकडून ऐकून घ्यायचं आता कायमचं राहिलं.

पण खरं सांगते, त्या दिवशी मला त्यांचा हेवा वाटला. नवऱ्याचं हसणं कानावर येतं म्हणून त्या समुद्र ओलांडून निघून गेल्या. सुधीर हसायचे तसं हसणारं या जगात कुणीच नाही. असतं, तर मी त्याच्या दारात जाऊन बसले असते.