धक्क्याचे अण्णा

वेळेविषयी नेमाने खोटे बोलणारा आणि तरीही सगळ्या पंचक्रोशीचा विश्वास मिळवलेला असा एकच माणूस मी आजवर पाहिला. ते म्हणजे आमच्या धसईचे अण्णा. बोट संध्याकाळी सहाला सुटणार असेल तर अण्णा चार सांगत. चारला सुटणार असेल तर दोन. मी शाळेत मुलांना घड्याळ शिकवणारी. मला सुरुवातीस याचा राग येई. एकदा मी त्यांना तसे म्हटलेही. जीपच्या काचेवर फडके फिरवीत ते म्हणाले, "बाई, बोट सुटायचा टाइम येगळा नि माणूस घरातून सुटायचा टाइम येगळा. मधी आख्खा गाव असतो."

हा गाव मध्ये कसा येतो, हे समजण्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. नव्वदीच्या उत्तरार्धापासून मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतली काही मुले पर्यटकांच्या मोठ्या बोटींवर कामाला लागली. कोणी तेथील स्वयंपाकघरात भांडी घाशी, कोणी खोल्या आवरी. एक लागला की तो दुसऱ्याला नेई. या बोटी मुंबईच्या बंदरात लागत आणि काही तासांनी पुन्हा निघून जात. मुंबई आम्हांला परकी नव्हती. नोकरी, दवाखाना, बाजार यांसाठी माणसे रोज जात-येत. परंतु बंदराचा दरवाजा कोठे, तेथे गाडी कोठवर नेता येते, निरोप द्यायला आलेल्यांनी उभे कोठे राहायचे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. अण्णांनी तरुणपणी भातगिरणीचा ट्रक चालवला होता आणि तो कधीमधी गोदीकडे जाई. तेवढ्या भांडवलावर ते बंदराचे जाणकार ठरले आणि 'धक्क्याचे अण्णा' हे नाव त्यांना कायमचे चिकटले.

बोटीवर जाणाऱ्या मुलाला निरोप देणे हा आमच्याकडे घरचा नव्हे, गावचा कार्यक्रम असे. आमच्या वस्तीतला मुलगा असेल तर सर्वांनी मिळून विहारात वंदना घ्यायची, मग प्रत्येक दारात पाणी प्यायचे. गावातला असेल तर देवीच्या देवळात नारळ, हातावर दही, आणि मग तीच दारे. एखादी आजी झोपली असेल तर ती उठेपर्यंत थांबायचे, कारण तिला न सांगता गेले तर ती वर्षभर बोलून दाखवणार. अण्णा स्वतः जीपच्या चाकापुढे नारळ फोडणारे. पण आमची वंदना चालू असली की पायांतली चप्पल काढून विहाराच्या पायरीपाशी हात जोडून उभे राहत. कोणालाही "आटपा" म्हणून त्यांनी घाई केलेली मला आठवत नाही. घाई त्यांनी वेळ सांगतानाच करून ठेवलेली असे.

आता यातील गंमत अशी, की गाव काही बिनडोक नव्हते. दोन-चार फेऱ्यांनंतर सर्वांनी हिशेब ओळखला. "अण्णांनी चार सांगितलेत ना? म्हणजे सहा. बस गो, चहा टाकते," असे बाया एकमेकींना उघड म्हणू लागल्या. अण्णांच्या कानावर हे गेले तेव्हा ते मनापासून हसले. पण त्यांनी आपली पद्धत बदलली नाही आणि गावानेही बदलली नाही. दोन्ही बाजू एकमेकींना पुरत्या ओळखून होत्या आणि बोट कोणाची चुकत नव्हती.

त्यांची दुसरी सवय म्हणजे रस्ता विचारणे. ज्या रस्त्याने शेकडो वेळा गेले त्या रस्त्यावरही ते भिवंडीला, ठाण्याला, शीवला जीप बाजूस घेत आणि एखाद्या पानवाल्याला किंवा हमालाला विचारत, "भाईसाब, आगे रस्ता कैसा है?" जीपमधली माणसे वैतागत. अण्णा म्हणत, "रस्ता मला ठाऊक हाय. पण आज तेच्यावर काय वाढून ठेवलंय ते मला कसं ठाऊक असणार?"

आणि तिसरी सवय मात्र बहुतेकांच्या ध्यानातच आली नाही. मुलाला बंदराच्या दरवाजात सोडून जीप परत निघाली, की त्याची आई हमखास रडू लागे. अण्णा तिला पुढे आपल्या शेजारी बसवून घेत आणि सांगत, "मावशी, डावा आरसा काय दाखवत नाय. मागून कोण येतंय ते तेवढं बघा नि मला सांगा." ती माउली डोळे पुसून डावीकडे बघत राही. "टेम्पो आला रे अण्णा. गेला. आता फटफटी आली." असे करीत मुरबाड येई आणि तिचा आवाज मोकळा झालेला असे. त्या आरशाला काहीही झालेले नव्हते.

आता आमच्या घरची गोष्ट. माझा धाकटा भाऊ मिलिंद अशाच एका बोटीवर खोल्या आवरण्याच्या कामाला होता. आमचे वडील फार पूर्वी वारले. घरात आई आणि मी. मिलिंदसाठी खर्डीचे एक स्थळ आले. मुलगी सुजाता, शहापूरच्या एका दवाखान्यात नर्स. तिने निरोप पाठवला की, फोटोवरून मी होकार देणार नाही; मुलाने समोर यावे, मला त्याच्याशी बोलायचे आहे. मागणी रास्त होती. अडचण एवढीच, की मिलिंदचा करार संपायला बरेच महिने होते आणि तोवर खर्डीचे लोक थांबणार नव्हते. सुदैवाने त्या काळात त्याची बोट मुंबईहून गोव्याकडे फेऱ्या करी आणि ठरलेल्या दिवशी सकाळी मुंबईस लागून संध्याकाळी निघे. साहेबाने त्याला तेवढ्यापुरते बाहेर पडण्याची परवानगी दिली, पण बजावून सांगितले की बोट चुकली तर पुन्हा येण्याची तसदी घेऊ नये.

ठरले असे, की अण्णांनी पहाटे निघून मिलिंदला बंदरावरून घ्यावे व सरळ खर्डीस आणावे. मी, आई आणि आमची मावशी एसटीने शहापूरला उतरून खर्डीला पोचलो. मिलिंद आला तेव्हा ओटीवर शेजारपाजारची माणसे जमलेली होती. पोहे झाले, चहा झाला. सुजाताच्या काकांनी बोटीला रेल्वेसारखे रूळ नसताना ती वळते कशी, हा विषय काढला आणि त्यावर सर्वांची मते निघू लागली. मुलगा आणि मुलगी यांचे बोलणे राहिलेच.

तेवढ्यात अण्णा दारात येऊन उभे राहिले. "निघायला पायजे," ते म्हणाले. "बंदरात दुसरी बोट यायचीय म्हणून यांची लवकर सोडतायत. तीनला सुटणार, सकाळीच दरवाजावर सांगितलंय."

मावशी हसली. "तीन म्हणजे पाच. बसा हो अण्णा."

"मावशी, तीन म्हणजे तीन."

"आमी काय आज ओळखतो तुमाला?" मावशी सुजाताच्या आईकडे वळून म्हणाली, "यांचं असंच असतं बरं का. दोन तास आधीचं सांगतात." मग ओटीवर अण्णांची कीर्ती सविस्तर सांगण्यात आली आणि सगळे पोट धरून हसले. चहाची दुसरी फेरी निघाली. मिलिंद म्हणाला, "अगं मावशी, खरंच तीन आहेत." तर काका म्हणाले, "पढवून आणलाय पोराला."

अण्णांनी माझ्याकडे पाहिले. "बाई, तुमी सांगा. तुमचं ऐकतील." मी उठले आणि सांगितले. परंतु घरच्या माणसांसमोर शाळेच्या आवाजाचे वजन पडत नाही. सुजाताचे वडील आतापर्यंत गप्प होते. रेल्वेत नोकरी केलेला तो शिस्तीचा माणूस. ते मला म्हणाले, "ताई, एक विचारतो, राग मानू नका. तुमच्याकडचा माणूस वेळ खोटी सांगतो हे तुम्ही सगळे हसून सांगता. मग मुलाविषयी जे सांगितलंत, त्यातलं किती धरायचं?"

नोकरी आणि स्थळ, दोन्ही एकाच वेळी हातातून निसटताना मला दिसू लागली. आई पदराशी चाळा करीत खाली बघत राहिली.

उत्तर दिले ते सुजाताने. ती आतल्या दारापाशी उभी होती. ती म्हणाली, "बाबा, ते खोटं नाय बोलत. त्यांचा पहिला चहा बघा, तसाच हाय. साय धरली. खोटी घाई असती तर पिऊन टाकला असता." सर्वांच्या नजरा कठड्यावरच्या कपाकडे गेल्या. मग ती मिलिंदला म्हणाली, "मला जे विचारायचंय ते गाडीत विचारीन. बाबा, तुमी पण चला."

मुलीने आपणहून उठून मुलाच्या गाडीत बसावे, ही गोष्ट खर्डीत पूर्वी घडली असेल असे वाटत नाही. कोणी काही बोलायच्या आत तिच्या आईने बापलेकींसाठी जेवणाचा डबा जीपमध्ये ठेवला. माझ्या आईला गाडी लागे म्हणून ती आणि मावशी तेथेच थांबल्या. पुढे अण्णा आणि सुजाताचे वडील, मागे समोरासमोरच्या बाकांवर आम्ही तिघे, अशी जीप महामार्गाला लागली.

शहापूर मागे पडले. मग सुजाताने विचारले, "बोटीवर तुमी नक्की काय करता?"

"खोल्या आवरतो. बिछाने घालतो."

"चादरीचा कोपरा कसा दुमडता?"

मिलिंदने आपला रुमाल बाकावर पसरून दाखवले. ती म्हणाली, "चूक. असा कोपरा पेशंट कुशीवर वळला की सुटतो."

"आमच्याकडे पेशंट नसतात. पाहुणे असतात."

"पाहुणे कुशीवर वळत नाय का?"

अण्णांचे खांदे हलताना मला मागून दिसले, पण तोंडातून शब्द नाही. एरवी धसई ते बंदर अखंड बोलणारा हा गृहस्थ त्या दिवशी मुका झाला होता. भिवंडी जाईपर्यंत कोपऱ्याचा वाद मिटला नाही. मग तिने सांगितले की ती नोकरी सोडणार नाही, रात्रपाळीही सोडणार नाही. मिलिंद म्हणाला की तोही बोट सोडणार नाही, निदान काही वर्षे. "पण करार संपला की मी घरी असतो. तेव्हा तुमची रात्रपाळी असली तर सकाळचा चहा मी करीन. घर आवरायचं तर मला शिकवायलाच नको."

"कोपरे सोडून," ती म्हणाली.

शीवच्या पुढे अण्णांनी जीप बाजूस घेतली आणि एका हातगाडीवाल्याला हाक मारली. सुजाताच्या वडिलांचा संयम सुटला. "अहो, आता काय विचारता? उशीर होतोय."

"इचारायला लागणारा टाइम मी धरलेला हाय, दादा," अण्णा म्हणाले. हातगाडीवाल्याने सांगितले की पुढे ट्रक उलटला आहे, सगळे अडकून पडलेत. आतल्या रस्त्याने जा. आम्ही गोदामांच्या भिंतींमधून वाट काढीत बंदराच्या दरवाजाशी आलो, तेव्हा बोट धक्क्यालाच होती. मिलिंद बॅग घेऊन धावला. दरवाजातून आत गेल्यावर तो एकदा वळला; सुजाताने हात हलवला नाही, फक्त मानेने त्याला 'पुढे जा' असे खुणावले. थोड्या वेळाने भोंगा झाला आणि बोटीची ती पांढरी इमारत हळूहळू सरकू लागली.

आम्ही जीपपाशी परतलो. सुजाता आणि तिचे वडील दूर उभे राहून हलक्या आवाजात काही बोलले. मग तिने जीपमधून डबा काढला. आमच्याकडे पसंती झाल्याखेरीज दोन्ही घरे एका पंगतीला बसत नाहीत. चहापोह्यांवर भागवायचे असते. म्हणून मी जरा बाजूला सरकले. अण्णा तर आणखी लांब जाऊन टायर बघू लागले.

सुजाताच्या वडिलांनी पदपथावर वर्तमानपत्र पसरले, भाकऱ्यांचे चार वाटे केले, त्यांवर सुके बोंबील वाढले, आणि पहिला वाटा हातात घेऊन ते अण्णांपाशी गेले.

"घ्या, व्याही," ते म्हणाले.

अण्णांनी मागे वळून पाहिले. मागे कोणी नव्हते. मग माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. त्यांनी फडक्याला हात पुसले, दोन्ही हातांनी तो वाटा घेतला आणि तेथेच जीपच्या पायरीवर बसून खाली मान घालून खाऊ लागले. बराच वेळ त्यांनी वर पाहिले नाही. सुजाताने विचारले, "तिखट झालंय का?" तेव्हा ते म्हणाले, "नाय गो पोरी, बरोबर हाय."

ते नाते पुढे दोघांनीही पाळले. लग्नात मुलाच्या बाजूने पाहुण्यांचे स्वागत करायला अण्णाच उभे राहिले. मोबाइल आले, मुलांना बंदराची वाट तोंडपाठ झाली, अण्णांची जीप विकली गेली. तरी खर्डीच्या घरात कोणतेही कार्य असले की धसईला एक आमंत्रण वेगळे येई, व्याह्यांचे. शेवटच्या आजारात अण्णा शहापूरच्या दवाखान्यात सुजाताच्याच देखरेखीखाली होते. मी भेटायला गेले तेव्हा सुजाताचे वडील त्यांच्या उशाशी स्टुलावर बसून संत्रे सोलत होते. नव्या परिचारिकेने त्यांना विचारले, "तुम्ही पेशंटचे कोण?" त्यांनी फोड अण्णांच्या हातात ठेवली आणि नाते सांगितले. तिने ते काही न विचारता लिहून घेतले.