हॅनाचं आडनाव

सुमनताई, बीपी कसंय? वसंतराव, गुडघा? सतीश, खोकला थांबला का? दुपारी माझ्याकडे सत्यनारायणाला हसताना तर तुम्ही सगळे ठणठणीत होतात.

माझी शेजारीण डेनिस प्रसादाला आली होती. तिचे पूर्वज इथे अमेरिकेत गुलाम होते. कित्येक वर्षं शोधून तिला परवा खापरपणजीचं नाव सापडलं, हॅना. ती आनंदानं सांगत होती, तर तुम्ही आडनाव विचारलंत.

“मालकाचंच लावायचे,” ती म्हणाली.

“म्हणजे गोत्रही मालकाचंच,” वसंतराव मराठीत म्हणाले आणि तुम्ही सगळे खिदळलात.

जिभेला काही हाड? आपल्याला कुलवृत्तांत आयता मिळाला, म्हणून एवढा माज?

डेनिस आत्ताच विचारून गेली, सगळे का हसले. तिला काय सांगू, ते हसणाऱ्यांनीच इथे ग्रुपवर लिहा. लवकर लिहा, ती सकाळी पुन्हा येणार आहे.